टेप जिथून सुरू होते

३ फेब्रुवारी

स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच खुर्चीवर बसलेल्या असताना ज्यांना ‘मालक आहेत का?’ असं विचारलं जातं, त्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो...

भाषण इथूनच सुरू करायचं. मान्यवर आणि व्यासपीठ यांची यादी वाचण्यात पाच मिनिटं घालवणाऱ्यांतली मी नाही. वीस तारखेच्या मेळाव्याला चारशे बायका येणार आहेत. कुणी शिवतं, कुणी छापतं, कुणी कपडे धुऊन देतं. त्यातल्या एकीलाही हा प्रश्न नवा नसेल.

मला तर तो आज सकाळीच विचारला गेला. भाजीबाजाराचे प्रमुख आले होते. मी टेबलाशी, गळ्यात टेप, हातात खडू, आणि ते विचारतात, “मालक नाहीत का?” मी म्हटलं, “आहेत की. तुमच्याशीच बोलतायत.” तरी त्यांनी माझ्या मागे एकदा पाहून घेतलं. मागे मुंगी कॅनव्हासला पितळी रिंगा ठोकत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आणखी मागे बघू नका साहेब, भिंत आहे.” ते हसले आणि बसले.

काम मोठं आहे. बाजारातल्या चाळीस गाळ्यांना कॅनव्हासची छतं. प्रत्येक गाळेवाल्याने लोखंडी सांगाडा आपापल्या मर्जीने जोडून घेतलाय, त्यामुळे दोन गाळे सारखे नाहीत. चाळीसही मोजावे लागणार. ही छतं नीट बसली तर पलीकडच्या बाजूचे एकशेवीस गाळेही आपलेच. म्हणजे तीन मशीनची सहा मशीनं होतील आणि शेजारची रिकामी शेड घेता येईल. अकरा वर्षं मी याची वाट पाहतेय.

७ फेब्रुवारी

शेजारचा गादीवाला टेप मागायला आला. मी दिली नाही. दुकानात नव्या टेपा आहेत, त्यातली ने म्हटलं. “वहिनी, तुमच्या टेपला काय सोन्याचं पाणी दिलंय?” हे त्याचं नेहमीचं. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली, पण मी त्याच्या दृष्टीने अजून मित्राची बायकोच. मी बँकेत सही केली तेव्हा वहिनी, मी कॅनव्हासचा ट्रक उतरवून घेतला तेव्हाही वहिनीच.

ही यांची टेप. यांच्या आजारपणाच्या वर्षी तिचं पुढचं टोक झिजून चिंध्या झालं होतं. मी तेवढं कापून टाकलं आणि पितळी पट्टी पुढे पुन्हा शिवली. तेव्हा नवी घेतली असती तर लोक म्हणाले असते, आला बाईचा कारभार. पुढे ती हाताला अशी बसली की मी डोळे मिटून माप घेते. माझी टेप माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं गादीवाल्याला सांगितलं. त्याला विनोद वाटला.

१२ फेब्रुवारी

रविवार. मुलीचा फोन आला, अकरा मिनिटं. तिकडे सगळं ठीक. मी भाषणाची सुरुवात वाचून दाखवली. “छान आहे गं आई,” म्हणाली, आणि मग, “जेवलीस का?” मी हो म्हटलं. जेवणाच्या टेबलावर कॅनव्हासचे नमुने पसरलेले असतात, त्यामुळे हल्ली उभ्यानेच होतं. एकटीसाठी टेबल आवरणं म्हणजे उगाच सोंग.

१६ फेब्रुवारी

पेच पडला. बाजार फक्त सोमवारी बंद असतो, मोजायचं तर सोमवारीच. आणि वीस तारखेचा सोमवार मेळाव्याचा. प्रमुखांना पुढचा सोमवार मागितला, ते म्हणाले, मग मुदत जमणार नाही.

मशीनवरच्या दोघी अजून कच्च्या. राहता राहिली मुंगी. पहिल्या दिवशी ती स्वतःच्या दुप्पट वजनाचा तागा खांद्यावर घेऊन आली, तेव्हा मीच हे नाव ठेवलं. कापते सरळ, शिवते पक्कं. पण आजवर मोजायला मी कुणालाच पाठवलेलं नाही. गिऱ्हाइकाशी बोलणं, माप घेणं, दर सांगणं हे माझं. ही तीन कामं हातातून सुटली की दुकान सुटलं, असं मी मानते. बाई असून टिकले ते यामुळेच.

१९ फेब्रुवारी

मुंगीला सगळं समजावलं. आधी रुंदी, मग उतार, मग झालर. ती नवी टेप घेऊन निघत होती. मी थांबवलं, आणि माझ्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मलाच भरून आलं. ती म्हणाली, “ताई, हरवली तर?” मी म्हटलं, “हरवलीस तर तूही परत येऊ नकोस.” दोघी हसलो.

याला म्हणतात विश्वास टाकणं. भाषणात हा प्रसंग घालावा का? घालावा.

२० फेब्रुवारी

सभागृह भरलेलं होतं. सुरुवातीच्या वाक्यालाच असा आवाज उठला की मला थांबावं लागलं. मग मी सुटलेच. म्हटलं, कर्ज मागायला गेलात तर नवऱ्याची सही मागतात, नवरा नसेल तर भावाची, भाऊ नसेल तर दया दाखवतात. दया नको, दर द्या. म्हटलं, घरबसल्या चार पैसे मिळवते असं स्वतःविषयी बोलणं आजपासून बंद करा. पाटीवर स्वतःचं नाव लिहा, खातं स्वतःच्या नावाने उघडा, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर किंमत सांगून गप्प बसा, कारण पहिल्यांदा जो बोलतो तो हरतो. टेप गळ्यात घातल्याचा प्रसंग सांगितला तेव्हा पुढच्या रांगेत दोघी डोळे पुसत होत्या.

शेवटी प्रश्नोत्तरं. मागून एक जाडसर बाई उठली. मोठी धुलाई चालवते, हॉस्पिटलच्या चादरी धुते. तिने विचारलं, “तुम्ही इथे आहात, तर आत्ता तुमच्या दुकानात दर कोण सांगतंय?” मी म्हटलं, कुणीच नाही, दर मीच सांगते. ती म्हणाली, “माझ्याकडे सहाजणी सांगतात. मी सुट्टीवर गेले की धंदा वाढतो.” सगळ्या हसल्या. मी उत्तर दिलं की ज्या खुर्चीसाठी आपण रक्त आटवलं ती सहाजणींत वाटायला मी काही सतरंजी अंथरलेली नाही. टाळ्या पडल्या. ती खाली बसली, पण हरल्यासारखी दिसली नाही. चादरी धुणं आणि चाळीस वेगळी मापं घेणं यांत फरक असतो, हे तिला कोण सांगणार.

बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती, तिथे पुष्पगुच्छ ठेवला. दुकानात येऊन तो कॅनव्हास भिजवायच्या बादलीत उभा केला. मागच्या सभेचा आधीच तिथे होता, वाळलेला.

२१ फेब्रुवारी

मुंगीने मापांची वही दिली. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक गाळ्याचं छोटं चित्रही काढलंय. चाळीस गाळेवाल्यांशी बोलून कुणाला झालर किती हवी तेही टिपलंय. हे मी कधी विचारत नाही. वेळ जातो.

टेप परत देताना म्हणाली, “ताई, ही टेप जरा वेगळी वाटली मला. एकदा आकड्यांवरून नजर फिरवता का?” मी मेळाव्याच्या आयोजकांना पत्र लिहीत होते. म्हटलं, दुसऱ्याची वस्तू हातात आली की वेगळीच वाटते, लाग कापायला. ती टेबलाकडे गेली. आमच्या कापायच्या टेबलाच्या कडेला इंच रंगवलेले आहेत, त्यावर ती खडूने खुणा करते. हात सुरेख चालतो.

४ मार्च

चाळीसही तयार. हिरवी, घड्या करून रचलेली. दुकानात चालायला जागा नाही. मुंगी सगळ्यात वरच्या घडीवर हात ठेवून म्हणाली, “ही माझी.” मी म्हटलं, आपली. ती म्हणाली, “तेच म्हणते मी.”

६ मार्च

बसत नाहीत.

पहिलं छत सांगाड्यावर चढवलं आणि दोरी ओढली तर मधोमध झोळी. दुसरं तसंच. तिसरं तसंच. रिंगा सांगाड्याच्या हुकांच्या पुढे जातात, दोरी कितीही ओढा, ढिलीच. सगळी मोठी झालीत. सुट्टीचा दिवस असूनही पंधरावीस गाळेवाले जमले होते. एकजण म्हणाला, छत आहे की पाळणा. दुसरा म्हणाला, बाईमाणसाला लोखंडाचं माप काय कळणार. आणि मग प्रमुख माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, हे काय?”

मी म्हटलं, “मापं मी घेतली नव्हती.”

खोटं काय बोलले मी? नव्हतीच घेतली. मुंगी शिडीवर होती, हातात दोरीचं टोक. ती माझ्याकडे पाहत होती. मी प्रमुखांशी बोलत राहिले. मुदत मागितली, चार आठवडे मिळाले. एकशेवीस गाळ्यांविषयी त्यांनी काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

परतताना ती टेम्पोत मागे, छतांच्या ढिगावर बसली. पुढे माझ्या शेजारी जागा होती.

७ मार्च

सकाळी टेबलावर तिची किल्ली होती, शेजारी शिवताना बोटात घालायचं तिचं अंगुस्तान. चिठ्ठी नाही. मशीनवरच्या दोघी खाली मान घालून शिवत होत्या.

चूक झाली तर राहून निस्तरावी. निघून जाणं हा काही उपाय नाही. मी नाही कुणाला टाकून गेले.

१० मार्च

दुपारी दोन कप चहा केला. दुसरा ओतून टाकला.

गादीवाला डोकावला. म्हणाला, “वहिनी, ऐकलं ते खरं का?” मी म्हटलं, माणसं पारखून घ्यावीत, हेच खरं. तो नेहमी काहीतरी टोमणा मारतो. आज नुसताच “हं” म्हणाला. ते जास्त लागलं.

१३ मार्च

सोमवार. एकटी गेले आणि चाळीस गाळे मीच मोजले. बंद बाजारात आपल्या चपलांचा आवाजही परका वाटतो. शिडी मीच धरायची आणि मीच चढायची. एका टोकाला टेप धरायला कुणी नसतं तेव्हा ती दोरीने बांधावी लागते, मग उतरायचं, शिडी हलवायची, पुन्हा चढायचं. गाळा नंबर सतरापाशी शिडीवरच बसून राहिले थोडा वेळ.

दुकानात येऊन दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझा संताप झाला. प्रत्येक गाळ्याला, रुंदीतही आणि उतारातही, तिचं माप माझ्याहून बरोबर दोन इंच जास्त. माणूस निष्काळजी असेल तर कुठे एक चुकेल, कुठे चार. चाळीसच्या चाळीस ठिकाणी दोनच इंच. इतक्या शिस्तीत कुणी कसं चुकू शकतं?

१४ मार्च

वारा सुटला होता. कापायला घेतलेला कॅनव्हास उडू नये म्हणून कडेने हाताला येईल ते ठेवत गेले. कात्री, लोखंडी पट्टी, आणि शेवटी गळ्यातली टेप लांब पसरून ठेवली. पितळी टोक टेबलाच्या शून्यावर आलं. दुसऱ्या टोकाला, जिथे टेबलावर शंभरची लाल रेघ आहे, तिथे टेपवर एकशेदोन दिसत होतं.

मी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा एकशेदोन.

पितळी पट्टीच्या पुढे शून्य नाहीच. मी कापून टाकलं होतं ते दोन इंच. ही टेप दोनापासून सुरू होते. आणि मी अकरा वर्षं, प्रत्येक माप वहीत उतरवताना, दोन वजा करत आले. आधी मनातल्या मनात, मग मनालाही न विचारता. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं काही आहे हेच विसरले.

तिने अचूक वाचलं. टेपवर जे होतं ते लिहिलं.

नवी टेप तिच्या हातात होती. ती मी काढून घेतली. का, तर मान म्हणून.

टेप तिसऱ्यांदा लावून पाहिली. मशीनवरची एकजण येऊन म्हणाली, “ताई, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, काम कर. सवय ही अशी असते.

१५ मार्च

तिच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, पत्ता पगाराच्या वहीतून काढावा लागला. दुसरा मजला, अरुंद जिना. दारावर पुठ्ठ्याची पाटी: मापानुसार शिवणकाम करून मिळेल. वर तिचं पूर्ण नाव, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मला ते एकदा नीट वाचावं लागलं.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. “मालकीणबाई आत आहेत,” म्हणाला आणि बाजूला झाला. त्याला थट्टा करायची होती की नाही, कळलं नाही. खिडकीशी मशीन, त्यावर कुणाचे तरी पडदे.

मी टेप तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने पितळी टोकाची शिवण बोटाने चाचपली.

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. आठवतंय.”

“बाजारात नाही आठवलं.”

चारशे बायकांना दीड तास खिळवून ठेवणारी मी, तिथे पडद्याची कड उगाच सरळ करत बसले. मग म्हटलं, परत ये, पगार वाढवते, यापुढे मापं तूच घ्यायची. तिने पडद्याची एक बाजू संपवली, दोरा तोडला.

“ताई, इथे येऊन माझ्याशी बोललात, बरं केलंत. पण मला इथे कुणी काही म्हणालं नव्हतं. जिथे म्हणालात, तिथे जाऊन सांगा.”

“आणि मग येशील?”

“ते मी म्हटलं नाही.”

चहा दिला. साखर बरोबर मला लागते तेवढीच होती. तिला कशी कोण जाणे माहीत; तिच्या चहात किती असते हे मला अजून माहीत नाही.

२६ मार्च

छतं उसवून, दोन इंच आत घेऊन, रिंगा नव्याने ठोकून तयार होतायत. नफा यात राहणार नाही. मशीनवरच्या दोघींना आज टेबलाचे इंच, रिंगांतलं अंतर, कॅनव्हासचा ताण हे सगळं समजावलं, कारणांसकट. कारण सांगितलं की त्या प्रश्न विचारतात हे नवीनच कळलं. धाकटीने विचारलं, रिंगा कडेपासून दीड इंचावरच का. मला उत्तर येईना. हे तसं करायचे, म्हणून.

मुलीला फोनवर टेपची गोष्ट सांगितली. ती हसत सुटली. “आई, शाळेत असताना मी त्या टेपने माझा स्कर्ट मोजला होता, तो खाली घसरायचा. तू म्हणालीस, तुला मोजता येत नाही.” मग हसू थांबलं. “मला खरंच वाटायचं, मला मोजता येत नाही.” आज फोन अकरा मिनिटांत संपला नाही.

३ एप्रिल

छतं बसली. दोरी ओढली की ढोलकीसारखी ताठ. गाळेवाले जमले, तेव्हाचेच बरेचसे. छत आहे की पाळणा म्हणणाराही होता. प्रमुख म्हणाले, “तुम्ही स्वतः मापं घेतलीत म्हणून काम झालं बघा.”

हे वाक्य गिळून घरी येता आलं असतं. आयतं ताटात वाढलं होतं.

मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले. सभेत मी कधी चिठ्ठी वापरत नाही, आज हातात असती तर बरं झालं असतं. म्हटलं, पहिल्या वेळी मापं बरोबर घेतली होती. टेप माझी होती आणि ती चुकीची होती. जिने मोजलं तिने मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही, आणि इथे तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं. मग तिचं नाव सांगितलं. मुंगी नव्हे, दारावरच्या पाटीवर आहे ते, आडनावासकट.

टाळ्या नाहीत. भोपळे विकणारी म्हातारी म्हणाली, “ती होय, झालर विचारून गेली ती? बरी होती पोरगी.” प्रमुखांनी खिशातून वही काढली. म्हणाले, “पलीकडच्या एकशेवीस गाळ्यांचं माप घ्यायचंय. नाव पुन्हा सांगा.” मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. माझं विचारलं नाही.

परतताना टेम्पोत मी आणि रिकामी शिडी.

१२ एप्रिल

एकशेवीस गाळे तिला मिळाले. तिच्या नावावर. शेजारची शेडही तिनेच भाड्याने घेतली. गादीवाला सांगत आला, आणि पहिल्यांदाच वहिनी म्हणायला विसरला. दुपारी ती स्वतः आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, निम्मी छतं तुमच्याकडे शिवायला देईन, कापून देईन, दर हा. दर सांगून गप्प बसली.

पहिल्यांदा मी बोलले. हो म्हटलं.

मधल्या भिंतीतून आता तिच्या मशीनचा आवाज येतो. चांगली चालते. दुपारी चारला थांबते, तेव्हा चहा होत असावा. मी कप एकच काढते.

१६ एप्रिल

पुढच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. धुलाईवाली बाई असेल तर पहिल्या रांगेत बसवा, असं आयोजकांना कळवलंय. भाषण छोटं करणार आहे.

ज्यांना ‘मालक आहेत का?’ असं विचारलं जातं त्या माझ्या मैत्रिणींनो, आणि त्यांच्या मागे रिंगा ठोकत बसलेल्या, ज्यांना कुणी तेवढंही विचारत नाही अशा माझ्या मैत्रिणींनो. आपला राग खरा आहे, तो जपा. पण आज मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागायला आले आहे. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, शेजारी काम करणाऱ्या बाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. तुमची टेप तिच्या हातात द्या, आणि ती कुठून सुरू होते ते सांगा.